फुकटचं सॉफ्टवेअर बंद करा म्हणणाऱ्यांना थोडं सांगायचंय

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एक पत्र आलं होतं, की पतसंस्था, सोसायट्या, शाळा यांनी लिनक्स (विंडोजच्या जागी चालतं ते), लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी चालतं ते) असलं फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर ताबडतोब बंद करावं, कारण त्याचा कोड कुणालाही बघता येतो म्हणजे चोरालाही बघता येतो, आणि २०२४ मध्ये त्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. मी बेळगावात लहान संस्थांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, बॅकअप असली कामं बघतो. पत्र छापून आलं त्याच दिवशी एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन, "काय ओ, आमच्यात पण तेच बसवलंयसा न्हवं, काढून टाकायचं काय?" फोनवर जेवढं सांगितलं ते त्यांना काही पटलं नाही, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितोय. लांब झालं तर कापा, पण एक्सझेडची गोष्ट तेवढी ठेवा.

चोरदरवाजा बसवला होता हे खरंच आहे. एक्सझेड म्हणून एक लहानसं सॉफ्टवेअर आहे, फाइल दाबून लहान करायचं, एवढंच त्याचं काम. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक मशीनवर ते असतंय आणि वापरणाऱ्याला त्याचं नावही माहीत नसतंय. फिनलंडचा लासे कॉलिन नावाचा एक माणूस ते वर्षानुवर्षं एकटाच सांभाळत होता, पगार नाही, मानधन नाही, काही नाही. २०२१ च्या सुमारास जिया टॅन असं नाव लावलेला कोणीतरी मदतीला आला आणि अगदी व्यवस्थित काम करून द्यायला लागला. पुढं दुसरी काही अनोळखी नावं कॉलिनच्या मागं लागली, की अपडेट का येत नाही, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडं द्या की. कॉलिनने २०२२ मध्ये सरळ लिहिलं होतं की माझी मानसिक तब्येत बरेच दिवस बरी नाही, आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे हे पण लक्षात घ्या. कोण लक्षात घेतंय! शेवटी कारभार जिया टॅनच्या हातात गेला, आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ज्या दोन नव्या आवृत्त्या आल्या, ५.६.० आणि ५.६.१, त्यांत टेस्टिंगच्या फाइलींमध्ये लपवून असा कोड घातलेला होता की ज्याच्याकडं ठरावीक किल्ली आहे त्याला एसएसएचमधून, म्हणजे लांबच्या मशीनवर लॉगिन करायची जी सोय असते तिच्यातून, सर्व्हरवर शिरून पाहिजे ते करता यावं. हा जिया टॅन खरा कोण, एकटा का टोळी, ते अजून उघड झालेलं नाही.

आता पकडलं कुणी ते बघा. अँड्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. तो वेगळंच काहीतरी मोजत बसला होता आणि त्याला दिसलं की एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागायलाय. अर्धा सेकंद ओ! आपल्याकडं ऑनलाइन उतारा काढताना स्क्रीनवर गोल फिरत राहतंय आणि आपण खाली जाऊन चहा पिऊन येतोय, आणि ह्या गड्याला अर्धा सेकंद खटकला. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जगासमोर मांडलं. तोपर्यंत ती आवृत्ती डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणीच्या पायरीवरच पोचली होती, रोजच्या वापरातल्या पक्क्या आवृत्तीत नाही. म्हणजे आमच्या सेक्रेटरीसाहेबांच्या मशीनवर ती कधी आलीच नव्हती, पण हे सांगायला गेलो तर ते म्हणतात पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असणारच.

म्हणजे कोड चोराला दिसतो हे पत्रातलं बरोबर, फक्त तो फ्रॉइंडलाही दिसतो हे लिहायचं राहिलं. बंद सॉफ्टवेअर असतं तर त्याने कंपनीला तक्रार टाकली असती आणि वाट बघत बसला असता.

पण ओपन सोर्स म्हणजे हजार डोळे, म्हणून सुरक्षित, असं जे आमच्या लाइनीतले लोक छाती ठोकून सांगतात ते पण मला पटत नाही. डोळे असतात, पण बघतंय कोण? डेबियनमध्ये २००६ साली एकाने ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या दोन ओळी बंद केल्या, तपासणीचं टूल सारखी वॉर्निंग देत होतं म्हणून, वाईट हेतू काही नव्हता, आणि त्यातल्या एका ओळीमुळं सुरक्षेच्या किल्ल्या बनवताना जो अंदाज न येणारा आकडा लागतो तो जवळजवळ नाहीसाच झाला. एका प्रकारच्या किल्लीला फक्त ३२ हजारांच्या आसपास शक्यता उरल्या, साध्या कॉम्प्युटरला हे काहीच नाही. मे २००८ पर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कोड सगळा उघडा पडलेला होता, बरं का. कळल्यावर जगभरच्या लोकांना जुन्या किल्ल्या फेकून नव्या बनवाव्या लागल्या.

मग आलं २०१४ चं हार्टब्लीड. हे पण ओपनएसएसएलच, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यासमोर जे कुलूप दिसतं त्याच्या मागचं काम जगातल्या कितीतरी सर्व्हरवर हेच करतं. त्यात अशी सोय होती की समोरच्याने एक शब्द पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, आणि सर्व्हरने तोच शब्द परत पाठवायचा, कनेक्शन जिवंत आहे का बघायला. सांगितलेली लांबी खरी आहे का हे तपासायचंच राहून गेलं होतं. म्हणजे शब्द पाठवा चार अक्षरांचा आणि सांगा ६४ हजार अक्षरांचा आहे, सर्व्हर बिचारा आपल्या मेमरीत शेजारी जे काय पडलंय, पासवर्ड म्हणा, किल्ल्या म्हणा, ते सगळं भरून पाठवणार. दोन वर्षं हे असंच चालू होतं. कॅनडाच्या टॅक्स खात्यातून ९०० जणांचे नंबर असेच गेले. गुगलच्या नील मेहताने आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन कंपनीने वेगवेगळं शोधून काढलं, आणि मग सगळ्यांनी चौकशी केली की एवढं महत्त्वाचं सॉफ्टवेअर सांभाळतंय कोण, तर पूर्णवेळ एक माणूस आणि वर्षाला देणगी सुमारे २ हजार डॉलर. दोन हजार! आपल्याकडच्या मोठ्या गणपती मंडळाचं लायटिंगचं बिल याच्यापेक्षा जास्त होतं.

मला खरं सांगायचंय ते इथून पुढं. असली घटना घडली की आठ-पंधरा दिवस बोंब होते, पॅच म्हणजे दुरुस्ती येते, लोक विसरतात. पण काही गोष्टी कायमच्या बदलून जातात आणि त्याची बातमी कुणी करत नाही. हार्टब्लीडनंतर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने एक निधी सुरू केला, गुगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन, आयबीएम या कंपन्यांनी प्रत्येकी वर्षाला १ लाख डॉलर तीन वर्षं द्यायचं कबूल केलं, ओपनएसएसएलला पगारी माणसं मिळाली, ओपनबीएसडी नावाची लिनक्ससारखीच दुसरी सिस्टिम बनवणाऱ्यांनी तोच कोड घेऊन साफसफाई करत लिबरएसएसएल काढलं, गुगलने आपलं बोरिंगएसएसएल काढलं. आज तुम्ही क्रोम उघडून बँकेची साइट बघता तेव्हा ते बोरिंगएसएसएलच आत काम करत असतंय. एका चुकीतून एवढं सगळं उभं राहिलं.

लेफ्ट-पॅडचं तर हसावं का रडावं. मार्च २०१६. अझर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरचं किक नावाचं एक पॅकेज, म्हणजे इतरांना वापरता येईल असा तयार कोड, होतं, त्याच नावाच्या मेसेंजर कंपनीने नाव मागितलं, याने नाही म्हटलं, तर एनपीएम म्हणजे जिथं जावास्क्रिप्टची असली पॅकेजेस ठेवलेली असतात त्यांनी ते नाव कंपनीला देऊन टाकलं. हा भडकला आणि त्याने आपली सगळी, २७३ पॅकेजेस तिथून काढून घेतली. त्यात एक होतं ११ ओळींचं, आकड्याच्या डाव्या बाजूला शून्य किंवा मोकळी जागा भरून द्यायचं, म्हणजे आपला सभासद नंबर ४५ असतो तो पासबुकावर ०००४५ करायचा, तसलं काम. त्या ११ ओळींवर हजारो प्रोजेक्ट टेकलेले निघाले आणि जगभरच्या कंपन्यांत बिल्ड फेल व्हायला लागले, म्हणजे त्यांची सॉफ्टवेअर तयारच होईनात. काही तासांत एनपीएमने ते परत चढवलं. पण नियम मात्र कायमचा बदलला, एकदा टाकलेलं पॅकेज ठरावीक वेळेनंतर सहज काढता येत नाही. बरं झालं का वाईट झालं? मला अजून ठरवता आलेलं नाही. आपलीच वस्तू आपल्याला परत घेता येत नाही हे चूक वाटतं, आणि एकाच्या रागापायी लोकांची कामं थांबावीत हे पण चूकच वाटतं.

घटना म्हणजे दर वेळी भोकच पडतं असं नाही. कधी फुकट दिलेलं कुणी परत मागतं, आणि त्यातून चांगलं पण निघतं. लिनक्सवाले आपला कोड बिटकीपर नावाच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत होते, कंपनीने त्यांना ते फुकट दिलं होतं. २००५ मध्ये वाद झाला, ते फुकट वापरणं बंद झालं. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल महिन्यात काही दिवसांत कोडमधले बदल सांभाळणारं गिट स्वतःच लिहून काढलं आणि जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती गिटवर सांभाळून बाहेर पण पडली. आज आपल्या बेळगावचा पोरगा बेंगळूरला किंवा पुण्याला नोकरीला लागला की पहिल्या दिवशी त्याला गिटच वापरावं लागतंय. तसंच लिबरऑफिस. २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली, त्यासोबत ओपनऑफिस पण त्यांच्याकडं गेलं, काम करणाऱ्यांना भरवसा वाटेना, म्हणून २८ सप्टेंबर २०१० ला ते सरळ वेगळे निघाले. लायसनने परवानगी दिलेलीच होती, कोर्टकचेरी काही नाही, कोड उचलला आणि निघाले. ज्या सोसायटीने माझ्याकडून लिबरऑफिस बसवून घेतलं ती आज जे वापरते ते त्या दिवसाचं फळ आहे.

कोर्टकचेरीवरून आठवलं. २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला की आमचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातलाय, आधी १०० कोटी डॉलर मागितले, मग आकडा वाढवला. केस अशी रेंगाळली की कंपनीचं दिवाळं निघालं तरी केस चालूच, २०२१ मध्ये तडजोड होऊन एकदाची मिटली. सीमाप्रश्नाची केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात असल्यामुळं आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही म्हणा. पण त्या दाव्यामुळं २००४ मध्ये लिनक्सने एक पद्धत घातली, की प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने सही करायची, की हा कोड द्यायचा मला हक्क आहे. ती सही अजून चालू आहे. दावा गेला, सही राहिली.

आता डिसेंबर २०२१ चं लॉगफोरजे. जावाच्या प्रोग्रामात काय काय घडलं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, त्यात नोंद म्हणून आलेल्या ओळीत एका विशिष्ट प्रकारचा पत्ता लिहिलेला असला की ते त्या पत्त्यावर जाऊन तिथला प्रोग्राम आणून चालवू शकत होतं. माइनक्राफ्ट गेमच्या चॅटमध्ये एक ओळ टाइप केली तरी पुरे. धोक्याचा स्कोअर दहापैकी दहा. अलीबाबाच्या क्लाउड टीममधल्या एकाने नोव्हेंबरमध्ये कळवलं होतं. दुरुस्त करणारे सगळे अपाचे फाउंडेशनचे हौशी लोक, दिवसा नोकरी करून रात्री जागून पॅच काढत होते, आणि बाहेरून शिव्या खात होते. कळस म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये कर्ल नावाचं, इंटरनेटवरून माहिती आणायचं-पाठवायचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गला एका मोठ्या अमेरिकन कंपनीचा मेल आला, की तुमच्या मालात लॉगफोरजे आहे का, २४ तासांत उत्तर द्या. कर्ल सी भाषेत लिहिलेलं, त्याचा जावाशी संबंध नाही, आणि त्या कंपनीने याला आयुष्यात एक पैसा दिलेला नाही! स्टेनबर्गने उत्तर दिलं, की सपोर्टचा करार करा, आनंदाने सांगतो. मला हा माणूस फार आवडला. आमच्याकडं पण असंच असतंय, मशीन फुकट बसवून घ्यायचं आणि रविवारी सकाळी फोन, अजून आला नाहीसा?

पत्र लिहिणाऱ्यांना विचारतो, मग विकतचं घेतलं की निवांत का? मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरससारखं प्रकरण आलं ते विंडोजवर, इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांनी पेशंट परत पाठवले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं अपडेट फसलं, ८५ लाख विंडोज मशीन निळे पडले, आपल्या देशात विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. फार लांब कशाला, आपल्या गल्लीतलं बघा, ज्यांना ओपन सोर्सची भीती वाटते त्यांच्याच दुकानात क्रॅक मारलेलं विंडोज, क्रॅक मारलेलं डीटीपीचं सॉफ्टवेअर, आणि तो क्रॅक कुठल्या रशियन साइटवरनं कुणी आणलाय ते देवाला ठाऊक. ते खरं फुकटचं आणि ते खरं धोक्याचं, पण त्यावर पत्र येत नाही.

तुमच्या मोबाइलवर हे वाचताना जोडाक्षरं नीट जुळून दिसतात ना, ते अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत एकच ओपन सोर्स सॉफ्टवेअर करतंय, हार्फबझ. मराठीला पण तेच आणि कन्नडला पण तेच. बोर्डावर कुठली भाषा वर यावर आपण इथं काय काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आत दोन्ही लिप्या जुळवणारं हे एकच, मोजक्या माणसांनी सांभाळलेलं. कुऱ्हाडे आडनावाच्या सभासदाची पावती छापली की कधी कधी तो ऱ्ह मोडून येतो, जुन्या फॉन्टमुळं. आपण काय करतो, पेनाने नीट करून देतो. फॉन्ट बनवणाऱ्याला कळवलं तर पुढच्या आवृत्तीत तो सगळ्यांसाठी नीट होऊ शकतो, पण कळवणार कोण?

इथं मला व्हीटीयू आठवते. विश्वेश्वरय्या विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच गावात, आजूबाजूला इंजिनिअरिंग कॉलेजं किती, आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट कसा होतो ते मी दुकानांत बघितलंय, तयार मिळतो, बाइंडिंगसकट, वर सोनेरी अक्षरांत नाव घालून. कुठल्या कॉलेजची पोरं ते लिहीत नाही, सगळीकडं थोड्याफार फरकाने तेच. त्यापेक्षा चार पोरांना एक खरं सॉफ्टवेअर द्या, म्हणा सेमिस्टरभर यातले बग शोधा, एखादी दुरुस्ती पाठवा, ती नाकारली गेली तर का नाकारली ते व्हायवात सांगा. नाकारली तरी मार्क द्या. पण एक आहे, घाईने कचरा पाठवणारी पोरं नकोत, आधीच थकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी ओझं, त्यामुळं आधी मास्तरांनी स्वतः एकदा पाठवून बघितलेलं असावं. कॉलिनच्या मदतीला एक खरा माणूस जरी वेळेत आला असता तरी त्या जिया टॅनला एवढी मोकळी जागा मिळाली नसती असं मला वाटतं.

आणि पैशाचं. बेंगळूरच्या झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी दरवर्षी १० लाख डॉलर द्यायचा निधी काढला, आम्ही याच्यावर धंदा केला म्हणून परत देतो म्हणाले. आपल्या सोसायट्यांची ती ऐपत नाही, मान्य. पण वार्षिक सभेला सभासदांना स्टीलचा डबा वाटतोच ना आपण, त्या डब्यातले चार डबे कमी केले तरी लिबरऑफिसच्या फाउंडेशनला वर्षाची देणगी जाते, अहवालात छापता पण येते. ज्या सेक्रेटरींनी फोन केला होता त्यांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, सॉफ्टवेअर फुकट म्हणून घेतलं आणि आता देणगी मागतोयसा होय? मी म्हटलं, विकतच्याला दर वर्षी न बोलता रिन्यूअल भरता की, इथं कुणी बिल पाठवत नाही म्हणून मी आठवण करतोय. काढून टाकायचं म्हणत होते ते मात्र आता थांबलंय. विषयपत्रिका छापून झालीय, त्यामुळं येत्या सभेत अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळच्या विषयांत घेऊ म्हणालेत. ऐनवेळच्या विषयाला निम्मे लोक जेवायला उठलेले असतात, ते मला माहीत आहे, तरी मी बोलणार आहे.

कळावे,
आपला एक वाचक,
खासबाग, बेळगाव